उपपथ व रिव्हर्स प्रॉक्सी

वेबवरील एकाच डोमेन नावाखाली अनेक स्वतंत्र अनुप्रयोग चालविण्याची व्यवस्था. तीत बाहेरून येणारी प्रत्येक विनंती प्रथम एका दर्शनी सर्व्हरकडे येते. पत्त्यातील डोमेन नावानंतरचा भाग, म्हणजे पथ, पाहून हा सर्व्हर ती विनंती मागील योग्य त्या सर्व्हरकडे पोहोचवितो आणि तिकडून आलेले उत्तर स्वतःचेच असल्याप्रमाणे विचारणाऱ्याच्या हाती ठेवतो. अशा दर्शनी सर्व्हरला रिव्हर्स प्रॉक्सी आणि अनुप्रयोगाच्या वाट्याला आलेल्या पथाच्या शाखेला उपपथ म्हणतात. उदा., एखाद्या महाविद्यालयाच्या संकेतस्थळाचे मुख्य पान ‘/’ या पथावर, ग्रंथसूची ‘/ग्रंथालय/’ या पथाखाली व निकालांचा कार्यक्रम ‘/परीक्षा/’ या पथाखाली असू शकतो. वाचकाला हे सर्व एकच स्थळ वाटते. प्रत्यक्षात ते निरनिराळ्या संगणकांवर चालणारे, निरनिराळ्या भाषांत व निरनिराळ्या काळी लिहिलेले तीन कार्यक्रम असतात.

ही व्यवस्था दिसावयास सोपी असली, तरी तिच्यात एक मूलभूत अडचण दडलेली आहे. मागील अनुप्रयोगाला आपण बाहेरच्या जगाला कोणत्या पत्त्यावर दिसतो, हे आपोआप कळत नाही. तो मात्र क्षणोक्षणी पत्ते लिहीत असतो : पानावरील दुवे, चित्रांची ठिकाणे, ‘अमुक पानाकडे जा’ अशा सूचना. ग्रंथसूचीचा कार्यक्रम स्वतःला ‘/’ वर बसलेला समजत असेल, तर तो वाचकाला ‘/शोध’ या पत्त्याकडे धाडील आणि त्या पत्त्यावर महाविद्यालयाचे मुख्य संकेतस्थळ ‘असे पान नाही’ एवढेच सांगेल. अनुप्रयोगाचा बाह्य पत्ता कोणी जाणावयाचा व कोणी कोणाला कळवावयाचा, या प्रश्नाची निरनिराळी उत्तरे गेल्या सुमारे तीस वर्षांत दिली गेली. या विषयाचा इतिहास मुख्यतः त्या उत्तरांचा इतिहास होय.

पथाची कल्पना : टिम बर्नर्स-ली यांनी मार्च १९८९ मध्ये जिनीव्हाजवळील सर्न या संशोधन संस्थेत वेबचा मूळ प्रस्ताव मांडला आणि १९९० च्या अखेरीस नेक्स्ट बनावटीच्या संगणकावर पहिला वेब सर्व्हर चालू केला. आरंभीच्या सर्व्हरच्या दृष्टीने पथ म्हणजे बहुधा तबकडीवरील फाइलीचे ठिकाण असे. यूनिक्स या संगणक प्रणालीत फाइलींची रचना फांद्या फुटलेल्या झाडासारखी असते व फाइलीचे ठिकाण तिरक्या रेघांनी तोडलेल्या नावांनी सांगतात. हीच पद्धत पत्त्यात उतरली. तथापि पत्ता व फाइल यांचा संबंध अभेद्य मानलेला नव्हता. सर्नच्या सर्व्हरला नियमांची एक फाइल देता येई व तीत ‘अमुक पथाने आरंभ होणाऱ्या विनंत्या तमुक ठिकाणी पहाव्या’ असे लिहिता येई. बाहेरचे नाव एक व आतले ठिकाण दुसरे, ही कल्पना म्हणजे पुढील सर्व घडामोडींचे बीज आहे.

पत्त्यांच्या लेखनाविषयीचा पहिला प्रमाणलेख आरएफसी १७३८ हा डिसेंबर १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यामागोमाग जून १९९५ मध्ये रॉय फील्डिंग यांचा आरएफसी १८०८ हा लेख निघाला. त्याचा विषय सापेक्ष पत्ते हा होता. कागदपत्रांचा एखादा संच एका जागेवरून उचलून दुसरीकडे ठेवला, तरी त्यातील आपापसांतील दुवे तुटू नयेत, हा सापेक्ष पत्त्यांमागील एक हेतू. ‘शेजारचे पान’ एवढेच म्हटले, तर शेजार जेथे जाईल तेथे दुवा जाईल. ‘मुळापासून अमुक पान’ म्हटले, की संच हलताच दुवा निकामी होतो. तिरक्या रेघेने आरंभ होणारे दुवे या दुसऱ्या प्रकारचे असतात आणि लिहावयास सोयीचे म्हणून कार्यक्रम लिहिणारे बहुधा तेच वापरतात. उपपथाच्या बहुसंख्य तक्रारींचे मूळ या एका सवयीत आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

सापेक्ष पत्त्यातही एक खाच आहे. ‘/ग्रंथालय/’ या पानावरील ‘शोध’ हा दुवा ‘/ग्रंथालय/शोध’ असा वाचला जातो, पण शेवटची रेघ नसलेल्या ‘/ग्रंथालय’ या पानावरील तोच दुवा ‘/शोध’ असा वाचला जातो. कारण शेवटच्या रेघेनंतरचा शब्द फाइलीचे नाव समजून गाळावा, असा नियम आहे. म्हणूनच रेघ विसरलेल्या वाचकाला रेघ असलेल्या पत्त्याकडे वळविण्याची प्रथा सर्व्हरांमध्ये पडली.

एका नावाखाली अनेकांनी नांदण्याचा पहिला मोठा प्रयोग विद्यापीठांत झाला. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या एनसीएसए या केंद्रात रॉब मॅकूल यांनी १९९३ मध्ये लिहिलेल्या सर्व्हरमध्ये प्रत्येक प्राध्यापकाला वा विद्यार्थ्याला नागमोडी चिन्ह व त्यापुढे आपले नाव अशी स्वतःची शाखा मिळे. हे चिन्ह यूनिक्सच्या सी शेलमधून आले. तेथे ते वापरकर्त्याच्या घरच्या निर्देशिकेसाठी योजतात. या शाखांत बहुतेक निव्वळ पाने होती, त्यामुळे शाखेच्या पत्त्याची अडचण फारशी भासली नाही. पानांच्या जागी कार्यक्रम आल्यावर ती भासू लागली.

सीजीआय व दोन चलांची युक्ती : पथाच्या मागे फाइलीऐवजी कार्यक्रम उभा करण्याची पहिली सर्वमान्य रीत म्हणजे सीजीआय. ती १९९३ मध्ये एनसीएसएच्या मंडळींनी वेबच्या इतर जाणकारांशी विचारविनिमय करून ठरविली. तिचा आरएफसी ३८७५ हा लेख बराच उशिरा, ऑक्टोबर २००४ मध्ये, प्रसिद्ध झाला. या रीतीत विनंती आली, की सर्व्हर कार्यक्रम सुरू करतो व विनंतीची माहिती परिसर-चलांच्या रूपाने त्याला देतो. त्यांपैकी दोन चले येथे महत्त्वाची आहेत. ‘स्क्रिप्ट-नेम’ या चलात पथाचा जो भाग कार्यक्रमापर्यंत आणून सोडतो तो असतो व ‘पाथ-इन्फो’ या चलात उरलेला भाग असतो. ‘/ग्रंथालय/शोध’ या विनंतीत पहिल्याचे मूल्य ‘/ग्रंथालय’ व दुसऱ्याचे ‘/शोध’ असे होईल. पहिला भाग कार्यक्रमाचे घर व दुसरा भाग घरातील खोली. कार्यक्रमाने काय दाखवावयाचे हे दुसऱ्यावरून ठरवावे आणि दुवे लिहिताना पहिला भाग पुढे जोडावा, एवढे केले, की तो कोठेही बसविला तरी आपला पत्ता बरोबर सांगतो.

ही युक्ती किती नेमकी होती, हे पुढे ती हरवल्यावर लक्षात आले. कार्यक्रमाने आपला पत्ता स्वतः लक्षात ठेवावयाचा नाही व दर्शनी सर्व्हरने त्याच्या उत्तरात हात घालावयाचा नाही. ज्याला पत्ता ठाऊक आहे त्याने तो प्रत्येक विनंतीबरोबर सांगावयाचा. सीजीआयचा मोठा दोष वेगळाच होता : प्रत्येक विनंतीसाठी नवी प्रक्रिया सुरू करावी लागे व गर्दीत संगणक दमून जाई. त्यावर तोडगा म्हणून ओपन मार्केट या कंपनीने १९९६ च्या सुमारास फास्टसीजीआय पुढे आणले. त्यात कार्यक्रम सतत चालू राहतो, पण वरील दोन्ही चले त्याला पूर्वीप्रमाणेच मिळतात. तथापि पुढच्या काळात बहुसंख्य अनुप्रयोगांनी तिसरा मार्ग धरला : अनुप्रयोगाने स्वतःच एचटीटीपी ही वेबची बोली बोलावी आणि दर्शनी सर्व्हरनेही त्याच्याशी तीच बोलावी.

प्रॉक्सी व तिचे उलट रूप : प्रॉक्सीचा जन्म उलट्या नव्हे, तर सुलट्या कामासाठी झाला. संस्थांच्या संरक्षक भिंतीआड बसलेल्या लोकांना बाहेरचे वेब पाहता यावे, म्हणून त्यांच्या वतीने बाहेर जाऊन पाने आणणारा मध्यस्थ हवा होता. सर्नमधील आरी लुओटोनेन यांनी ही सोय सर्नच्या सर्व्हरमध्ये घातली व इंटेलमधील केव्हिन ऑल्टिस यांच्यासह तिच्यावर निबंध लिहून तो मे १९९४ मध्ये जिनीव्हा येथे भरलेल्या पहिल्या वेब परिषदेत सादर केला. आणलेली पाने जवळ साठवून पुन्हा मागणी आल्यास तीच द्यावी, हा त्यातील आणखी एक लाभ.

साठा मागणाऱ्याच्या दाराशी ठेवता येतो, तसा तो देणाऱ्याच्या दाराशीही ठेवता येईल, हे लवकरच ध्यानात आले. हार्वेस्ट या संशोधन प्रकल्पातील साठा-सर्व्हरला व त्यातून १९९६ मध्ये निघालेल्या स्क्विडला ही कामगिरी करता येई. तिला त्या वेळी ‘त्वरक’ अशा अर्थाचे नाव होते. प्रॉक्सी वाचकाच्या वतीने उभा असतो. हा मध्यस्थ सर्व्हरच्या वतीने उभा राहतो, म्हणून तो रिव्हर्स, म्हणजे उलट. प्रमाणलेखांनी मात्र बराच काळ हा शब्द टाळला. मे १९९६ चा आरएफसी १९४५ व त्यानंतरचे लेख त्याला गेटवे म्हणतात आणि अशा मध्यस्थाशी आपण बोलत आहोत हे विचारणाऱ्याला कदाचित कळणारही नाही, असे नमूद करतात. जून २०१४ मधील आरएफसी ७२३० ने मात्र रिव्हर्स प्रॉक्सी हे रूढ नाव गेटवेचे पर्यायी नाव म्हणून दिले.

उपपथाला या मध्यस्थाशी जोडण्याचे काम मुख्यतः अपाची सर्व्हरने केले. एनसीएसएच्या सर्व्हरवरून घडविलेल्या या सर्व्हरची १.० आवृत्ती डिसेंबर १९९५ मध्ये निघाली व पुढील वर्षीच्या १.१ आवृत्तीत प्रॉक्सीचा विभाग आला. त्यातील ‘प्रॉक्सीपास’ या एका ओळीच्या आज्ञेने अमुक पथाखालील सारे काही तमुक मागील सर्व्हरकडे धाडता येऊ लागले. राल्फ एंगेलशाल यांनी १९९६ मध्ये लिहिलेल्या व पुढे अपाचीला दिलेल्या पुनर्लेखन-विभागाने हेच काम अधिक गुंतागुंतीच्या नियमांनी करण्याची सोय झाली.

उपपथ का वापरले गेले : निरनिराळ्या कार्यक्रमांना निरनिराळी डोमेन नावे का दिली नाहीत, असा प्रश्न आजच्या वाचकाला पडेल. आरंभी ते परवडत नव्हते. मूळ एचटीटीपीत ब्राउझर सर्व्हरला फक्त पथ सांगे. कोणत्या नावाने आपण आलो हे सांगत नसे. त्यामुळे प्रत्येक नावाला स्वतंत्र आयपी पत्ता लागे. ‘होस्ट’ या हेडरात नाव सांगणे जानेवारी १९९७ च्या आरएफसी २०६८ ने बंधनकारक केले आणि ही अडचण दूर झाली. पण सांकेतिक लिपीने सुरक्षित केलेल्या संवादात ती तशीच राहिली, कारण तेथे नाव कळण्यापूर्वीच सर्व्हरला आपले प्रमाणपत्र दाखवावे लागे. जून २००३ मधील आरएफसी ३५४६ ने प्रारंभीच्या देवाणघेवाणीतच नाव सांगण्याची सोय केली. तथापि विंडोज एक्सपीवरील इंटरनेट एक्स्प्लोरर या ब्राउझरला ती अवगत नव्हती व तो दीर्घकाळ वापरात राहिला. शिवाय प्रमाणपत्रांना पैसे पडत. एकच नाव, एकच प्रमाणपत्र व त्याखाली हवे तितके उपपथ, हा हिशोब लहान संस्थांना साहजिकच पटला. डिसेंबर २०१५ मध्ये लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेची विनामूल्य प्रमाणपत्रे सर्वांना खुली झाली व मार्च २०१८ पासून एका डोमेनखालील सर्व सबडोमेनांना पुरणारी प्रमाणपत्रेही ती देऊ लागली. तेव्हापासून उपपथाचे हे आर्थिक कारण बरेचसे संपले. प्रशासकीय कारण मात्र उरले आहे. मोठ्या संस्थेत नवे डोमेन नाव मिळविण्यासाठी दुसऱ्या विभागाकडे अर्ज करावा लागतो, उपपथ मात्र दर्शनी सर्व्हर सांभाळणारा माणूस दोन ओळींत देऊ शकतो.

हरवलेला पत्ता : अपाचीने ‘/ग्रंथालय/शोध’ ही विनंती मागील सर्व्हरकडे पाठविताना उपसर्ग कापून नुसते ‘/शोध’ पाठविले, की सीजीआयच्या दोन चलांपैकी दुसरे पोहोचले व पहिले वाटेतच गळाले. एचटीटीपीच्या विनंतीत ‘तुझे घर येथे आहे’ हे सांगण्यास जागाच नव्हती. याचा परिणाम चार ठिकाणी दिसतो व त्या चारांची दुरुस्ती सारखी सोपी नाही.

पहिले ठिकाण पुनर्निर्देशाचे. अनुप्रयोग उत्तराच्या ‘लोकेशन’ हेडरात पुढच्या पानाचा पत्ता देतो, तो आतला असतो. कधीकधी तर त्यात आतील संगणकाचे नाव व पोर्ट क्रमांकही असतो आणि वाचकाचा ब्राउझर बाहेरून न दिसणाऱ्या संगणकाचा शोध घेत बसतो. १९९८ मध्ये स्थिरावलेल्या अपाची १.३ मधील ‘प्रॉक्सीपासरिव्हर्स’ ही आज्ञा परतीच्या वाटेवर हे हेडर दुरुस्त करते. दुसरे ठिकाण कुकीचे. नेटस्केपच्या लू मोंटुली यांनी १९९४ मध्ये आणलेल्या कुकीला पथ जोडता येतो. आतला पथ जोडलेली कुकी ब्राउझर साठवितो, पण बाहेरच्या पथावर ती परत पाठवीत नाही. वाचक आपले नाव व परवलीचा शब्द देतो आणि पुन्हा त्याच प्रवेशाच्या पानावर येतो, याचे हे नेहमीचे कारण. यावरही पुढे अशाच आज्ञा निघाल्या.

तिसरे ठिकाण पानातील दुव्यांचे. येथे हेडरापुरती दुरुस्ती पुरत नाही, संपूर्ण पान वाचून त्यातील पत्ते बदलावे लागतात. निक क्यू यांनी त्यासाठी लिहिलेला विभाग २०१२ मधील अपाची २.४ मध्ये समाविष्ट झाला. तो एचटीएमएलची रचना समजून दुवे बदलतो. चौथे ठिकाण जावास्क्रिप्टचे व तेथे हाही उपाय थकतो. कारण तेथे पत्ता लिहिलेला नसतो, तो पान चालू असताना तुकडे जोडून तयार होतो. उत्तराचा मजकूर वाटेत बदलण्याचा हा सारा खटाटोप म्हणजे दुसऱ्याच्या पत्रातील शब्द न विचारता बदलण्यासारखा आहे. मजकूर दाबून लहान केलेला असेल तर तो आधी उलगडावा लागतो, बदलाने लांबी बदलते आणि ग्रंथसूचीत एखाद्या नोंदीच्या मजकुरात तशीच अक्षरे आली तर तीही बदलली जाण्याचा धोका असतो. तातडीचा उपाय म्हणून तो चालतो. कायमची व्यवस्था म्हणून त्यावर विसंबणे इष्ट नाही.

रेघेचा प्रश्न : ईगॉर सिसोयेव्ह यांनी २००२ पासून लिहावयास घेतलेला व ऑक्टोबर २००४ मध्ये खुला केलेला एंजिनएक्स हा रशियन सर्व्हर थोड्या स्मृतीत फार मोठी गर्दी सांभाळू शके, त्यामुळे दर्शनी सर्व्हर म्हणून तो जगभर पसरला. त्यातील विनंती पुढे धाडणाऱ्या आज्ञेत मागील सर्व्हरच्या नावानंतर काहीही लिहिले नाही, तर मूळ पथ जसाच्या तसा जातो. नुसती एक तिरकी रेघ लिहिली, तर जुळलेला उपसर्ग कापून तिच्या जागी ती रेघ येते. म्हणजे घराचा पत्ता अनुप्रयोगाला कळणार की नाही, हे एका चिन्हावर ठरते. हा नियम तर्कशुद्ध आहे व त्याचे स्पष्टीकरणही उपलब्ध आहे. तरीही त्याने किती माणसांच्या रात्री खाल्ल्या असतील, याची गणती नाही.

रेघ विसरणे दर वेळी केवळ गैरसोयीचे ठरते असेही नाही. २०११ मध्ये अपाचीतील सीव्हीई-२०११-३३६८ हा दोष उघड झाला. मागील सर्व्हरचे नाव व विनंतीचा पथ यांच्यामधील रेघ नियमात राहून गेली असेल आणि आगंतुकाने रेघेऐवजी ‘@’ या चिन्हाने आरंभ होणारी विनंती पाठविली, तर दोन्ही जोडून होणाऱ्या पत्त्यात मागील सर्व्हरचे नाव वापरकर्त्याच्या नावाच्या जागी ढकलले जाई व त्या चिन्हानंतर लिहिलेला कोणताही आतील संगणक विनंतीचे लक्ष्य होई. ज्या भिंतीआडच्या संगणकांना बाहेरून हात लागू नये म्हणून दर्शनी सर्व्हर उभा केला, त्यांचीच दारे अशा तऱ्हेने उघडत. पथाचा अर्थ दर्शनी सर्व्हर एक लावतो व मागील सर्व्हर दुसरा, या विसंगतीचा गैरफायदा कसा घेता येतो, यावर २०१८ च्या ब्लॅक हॅट परिषदेत विस्तृत विवेचन झाले.

पत्ता कळविण्याचे नवे प्रयत्न : अनुप्रयोग लिहिण्याच्या चौकटींनी सीजीआयची युक्ती आपल्या आत जिवंत ठेवली, ही या इतिहासातील एक लक्षणीय गोष्ट होय. जावामधील सर्व्हलेटच्या २.२ आवृत्तीने (१९९९) प्रत्येक अनुप्रयोगाला ‘काँटेक्स्ट पाथ’ हा स्वतःचा उपसर्ग दिला व तो विचारण्याची रीत ठरवून दिली. पायथन भाषेसाठी फिलिप एबी यांनी डिसेंबर २००३ मध्ये मांडलेल्या डब्ल्यूएसजीआय या संकेताने ‘स्क्रिप्ट-नेम’ व ‘पाथ-इन्फो’ ही नावेही तशीच राखली. रूबी भाषेतील रॅक या २००७ मधील संकेताने तेच केले. चौकटींच्या आत दोन्ही कप्पे तयार होते. पहिला कप्पा बहुधा रिकामा राही, कारण त्यात काय भरावे हे दर्शनी सर्व्हर सांगत नसे.

सांगण्यासाठी हेडरांचा मार्ग निघाला. मध्यस्थामुळे मूळ विचारणाऱ्याचा आयपी पत्ता लपतो, म्हणून स्क्विडच्या कर्त्यांनी ‘एक्स-फॉरवर्डेड-फॉर’ हे हेडर योजले होते. त्याच धर्तीवर मूळ नाव व मूळ संकेतपद्धती कळविणारी हेडरे रूढ झाली. या सर्वांना प्रमाणरूप देण्यासाठी जून २०१४ मध्ये आरएफसी ७२३९ प्रसिद्ध झाला व त्याने ‘फॉरवर्डेड’ हे एक हेडर ठरवून दिले. त्यात कोणासाठी, कोणाकडून, कोणत्या नावाने व कोणत्या पद्धतीने या चार गोष्टी सांगता येतात; कोणत्या उपसर्गाखाली, ही पाचवी मात्र नाही. आरएफसी निघाल्याने प्रश्न मिटण्याऐवजी अर्धाच मिटला, असे येथे स्पष्ट म्हणावे लागते. उरलेला अर्धा भाग ‘एक्स-फॉरवर्डेड-प्रीफिक्स’ या कोणत्याही प्रमाणलेखात नसलेल्या हेडराने भरून काढला आहे. ट्रॅफिक हा दर्शनी सर्व्हर उपसर्ग कापताना ते जोडतो, जावाची स्प्रिंग चौकट ते वाचते आणि पायथनच्या वर्कझॉइग या संचालाही ते वाचावयास सांगता येते.

‘वाचावयास सांगता येते’ असे म्हणण्यास कारण आहे. हेडर हे कोणीही लिहू शकतो. दर्शनी सर्व्हरने बाहेरून आलेले असे हेडर पुसून टाकले नाही व अनुप्रयोगाने त्यावर आंधळा विश्वास ठेवला, तर आगंतुकाने सांगितलेला उपसर्ग अनुप्रयोग आपल्या दुव्यांत व पुनर्निर्देशांत लिहू लागतो. सीजीआयमध्ये ही चले सर्व्हर स्वतः ठरवीत असे, म्हणून हा संशय उद्भवत नव्हता.

अनुभवी व्यवस्थापक या सर्व उपायांपेक्षा एक साधी गोष्ट पसंत करतात : आतला व बाहेरचा पथ एकच ठेवणे. दर्शनी सर्व्हरने काहीही कापावयाचे नाही आणि अनुप्रयोगाला त्याच्या मांडणीतच ‘तुझे घर /ग्रंथालय येथे आहे’ असे एकदा सांगून ठेवावयाचे. यामुळे हेडर, कुकी व दुवे हे सारे जागच्या जागी बरोबर येतात. अट एवढीच, की अनुप्रयोग लिहिणाऱ्याने अशी सोय ठेवलेली असावी.

ब्राउझरातील अनुप्रयोग : ही सोय ठेवणे २०१० नंतर अधिक कठीण झाले. तोवर पाने मुख्यतः सर्व्हरवर घडत. आता अनुप्रयोगाचा मोठा भाग ब्राउझरात चालू लागला. ऑक्टोबर २०१४ मध्ये शिफारस म्हणून मान्य झालेल्या एचटीएमएल ५ मध्ये पान पुन्हा न मागविता पत्त्याच्या चौकटीतील पथ बदलण्याची सोय आहे. त्यामुळे पथांचा अर्थ लावणारे आता तिघे झाले : दर्शनी सर्व्हर, मागील सर्व्हर व ब्राउझरातील कार्यक्रम. तिसऱ्याचा उपसर्ग अनेकदा कार्यक्रम बांधतानाच त्यात गोठविला जातो व तो बदलावयाचा तर बांधणी पुन्हा करावी लागते. एचटीएमएलमध्ये असलेली ‘बेस’ ही खूण सापेक्ष दुव्यांचे मूळ ठरवून देते, पण रेघेने आरंभ होणाऱ्या दुव्यांच्या पथावर तिचा काही परिणाम होत नाही. डिसेंबर २०११ मध्ये प्रमाणित झालेल्या वेबसॉकेट या अखंड संवादाच्या रीतीसाठी तर दर्शनी सर्व्हरांना नव्याने शिकावे लागले. एंजिनएक्समध्ये ती सोय २०१३ च्या आरंभी आली.

एका छपराखालील शेजार : उपपथांची सर्वांत गंभीर मर्यादा मात्र पत्त्याच्या लेखनाशी संबंधित नाही. नेटस्केप नॅव्हिगेटर २.० मध्ये जावास्क्रिप्टबरोबर आलेल्या व डिसेंबर २०११ मध्ये आरएफसी ६४५४ ने शब्दबद्ध केलेल्या नियमानुसार ब्राउझर दोन पानांना परके मानावयाचे की एकाच घरचे, हे संकेतपद्धती, नाव व पोर्ट या तीन गोष्टींवरून ठरवितो. पथ त्यात नाही. म्हणजे ‘/ग्रंथालय/’ व ‘/परीक्षा/’ ही दर्शनी सर्व्हरच्या लेखी दोन घरे असली, तरी ब्राउझरच्या लेखी ती एकाच घरातील दोन खोल्या आहेत व मधल्या दाराला कडी नाही. ग्रंथसूचीच्या जुन्या, कोणी न सांभाळलेल्या कार्यक्रमात कोणाला परकी जावास्क्रिप्ट घुसविता आली, तर ती त्या वाचकाच्या नावाने परीक्षा विभागाची पाने उघडू व वाचू शकते. कुकीला पथ जोडून हे टळेल, हा समज खोटा आहे. एप्रिल २०११ मधील आरएफसी ६२६५ ने सुरक्षिततेसाठी कुकीच्या पथावर विसंबून राहता येत नाही, असे निःसंदिग्धपणे म्हटले आहे. एकाच संस्थेचे, सारख्याच निगराणीतील कार्यक्रम असतील तर हा शेजार चालतो. परस्परांवर विश्वास नसलेल्या लोकांसाठी तो धोक्याचा आहे.

या दोन्ही बाजू ज्युपिटरहब या कार्यक्रमात एकत्र पहावयास मिळतात. एका वर्गातील प्रत्येक विद्यार्थ्याला गणन-वही चालविण्यासाठी स्वतःचा सर्व्हर देण्याकरिता ज्युपिटर प्रकल्पाने तो तयार केला. त्यात एक दर्शनी प्रॉक्सी असतो. ‘/हब/’ खालील विनंत्या तो व्यवस्थापक कार्यक्रमाकडे व ‘/यूजर/’ आणि त्यापुढे विद्यार्थ्याचे नाव, अशा उपपथाखालील विनंत्या त्या विद्यार्थ्याच्या सर्व्हरकडे पाठवितो. उपसर्ग कापला जात नाही. प्रत्येक सर्व्हर सुरू करताना त्याला त्याचा उपपथ परिसर-चलाच्या रूपाने सांगितला जातो. सीजीआयच्या पहिल्या चलाचेच हे नवे रूप असून फरक एवढाच, की ते प्रत्येक विनंतीला न देता सर्व्हर सुरू होताना एकदा दिले जाते. विद्यार्थी आपल्या वहीत वाटेल ती जावास्क्रिप्ट लिहू शकतो, म्हणून जेथे वापरकर्ते एकमेकांना अनोळखी असतील, तेथे प्रत्येकाला उपपथाऐवजी स्वतंत्र सबडोमेन देण्याची सोय ज्युपिटरहबमध्ये ठेवली आहे. ती वापरावयाची असल्यास सर्व सबडोमेनांना लागू पडणारी डोमेन-नोंद व तसेच प्रमाणपत्र आधी मिळवावे लागते. [⟶ इंटरनेट, संगणक].